खिशातला घोडा

अंकाची पानं जुळवायला आम्ही फणसवाडीत एका मित्राच्या पोटमाळ्यावर बसतो. उभं राहिलं की डोकं तुळईला लागतं. त्यामुळं तिथं उभं राहून भाषण कुणालाच ठोकता येत नाही, सगळे बसूनच बोलतात. खाली गल्लीत व्यंकटेशाच्या देवळाकडं जाणाऱ्यांची वर्दळ, वर आम्ही पाचजण, शाई आणि चहा.

त्या रविवारी मराठवाड्यातला एक दोस्त आला. त्याच्या गावात चुलतभावाची वरात अडवली होती. नवरदेव घोड्यावर बसला एवढाच गुन्हा. दगड आले, नवरदेवाला खाली ओढला, दोन बायांची डोकी फुटली. यानं फिर्याद दिली, ॲट्रॉसिटीची. तेव्हापासून रात्री दारावरनं मोटारसायकल जाते. दाराशी आली की मंद होते. फोन येतो, 'केस मागं घे, नाहीतर तुझी वरात आम्ही काढू.' ठाण्यात गेला तर साहेब म्हणाले, काही झालं तर कळव.

"म्हंजे मेल्यावर कळवू का?" तो म्हणाला. आम्ही हसलो नाही.

मग त्यानं खिशातनं वहीचा कागद काढला. कागदावर प्रश्न लिहिले होते. रिव्हॉल्वर घ्यावं का पिस्तूल? शर्टाखाली कमरेला दिसणार नाही असं बारकं कुठलं? गोळी कुठली, एका गोळीत माणूस थांबेल अशी? शेवटी, खर्च किती? माझ्याकडं बघून म्हणाला, "तू पुस्तकं वाचतोस. सांग."

मुंबईच्या बोलीत पिस्तुलाला घोडा म्हणतात. गावात घोड्यावर बसू दिलं नाही म्हणून हा पोरगा आता खिशात घोडा घालायला निघाला होता.

दोस्तहो, हा लेख त्या कागदाचं उत्तर आहे. मी गिरणीत रिंगखात्यात रात्रपाळी करतो, तुटलेलं सूत सांधतो. तत्त्वज्ञानाची परीक्षा दिलेली नाही. पण प्रश्न आला की तो चुकवायचा नाही, एवढं बाबासाहेबांनी शिकवलंय.

आधी त्याच्या प्रश्नांची सरळ उत्तरं.

या देशात साध्या माणसाला हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्यानं मिळतं. जिल्ह्यात लायसन जिल्हाधिकारी देतो, मुंबईत पोलीस कमिशनर. नऊ मिलिमीटरसारखे बोअर फौजेचे आणि पोलिसांचे, ते आपल्याला बंद. म्हणून दुकानात कमरेला लावायचं जे मिळतं ते बहुतेक पॉइंट बत्तीसचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं. दिल्लीतल्या त्या मुलीच्या नावाची आठवण ठेवून, बायांच्या पर्समध्ये मावावं म्हणून. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत निघाली तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. म्हंजे मजुराची बायको सुरक्षित व्हायची तर आधी तिनं वर्षभर उपाशी राहायचं. काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली आहेत, बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं. विकत किती घ्यायची तो आकडा लायसनवर लिहिलेला असतो.

कायद्यात एक गंमत आहे. कलम १४ म्हणतं, अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरनं लायसन नाकारता येणार नाही. गरिबाला बंदूक मागायचा हक्क आहे. बंदूक घ्यायचे पैसे कुठनं आणायचे ते कलमात नाही. आणि लायसन देण्याआधी पोलिसांचा अहवाल मागवतात. कुठल्या पोलिसांचा? जे म्हणाले, काही झालं तर कळव.

गावठी कट्ट्याचं विचारशील तर ऐक. बिनलायसनी हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. पण शिक्षा मला तेवढी भ्यायची वाटत नाही. ज्या दिवशी तुझ्या कमरेला कट्टा सापडेल त्या दिवशी तुझी फिर्याद मेली. फिर्यादीचा आरोपी झालास. त्यांना मोटारसायकलच्या पेट्रोलचाही खर्च उरणार नाही.

आता त्याच्या कागदावरचा तिसरा प्रश्न. एका गोळीत माणूस थांबेल अशी गोळी कुठली?

हा प्रश्न जुना आहे आणि आपल्याच देशात विचारला गेलाय. १८९० च्या दशकात सरहद्दीवर पठाणांशी लढताना इंग्रजांची तक्रार होती की नव्या रायफलीची गोळी माणसाच्या आरपार जाते, पण माणूस धावतच येतो. मग कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली गोळी बनवली. अंगात शिरली की ती फुलते, पसरते, मोठी जखम करते. 'दमदम' हा शब्द तिथनं जगभर गेला. १८९९ साली हेगला परिषद भरली आणि असली गोळी युद्धात वापरू नये असं ठरायला लागलं, तर इंग्रजांचा प्रतिनिधी जनरल अर्डाग उभा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सुधारलेला शिपाई गोळी लागली की आपण जखमी झालो हे समजतो आणि दवाखान्यात जातो, रानटी माणूस समजत नाही, तो पुढंच येतो. म्हणून रानट्यांसाठी ही गोळी हवी. इंग्रजांनी त्या वेळी सही केली नाही, ती पुढं १९०७ साली केली.

हे वाचलं तेव्हा मला मनूच आठवला. एका गुन्ह्याला वर्णावर्णाप्रमाणं वेगळी शिक्षा. इथं माणसामाणसाप्रमाणं वेगळी गोळी.

अमेरिकेत आजही लोक खिशातल्या पिस्तुलासाठी असली फुलणारी गोळी निवडतात. त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. ती अंगातच थांबते, आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागत नाही. हे मी खोटं म्हणत नाही. पण गोळी निवडायला बसलं की माणूस काय काय विचार करायला लागतो ते बघा. समोरचा जाड आहे का बारीक, थंडीत जाड कपडे घातलेत का, किती खोल जाईल. ज्याला मारायचंय तो अजून आलेलाही नाही आणि त्याचं मांस आपण मनात मोजायला लागलो. ज्यांनी आपल्या सावलीचं माप काढलं त्यांच्याच पंक्तीला आपण असे बसतो.

यावर दोस्त म्हणाला, "पंक्तीचं सोड. ते येतील तेव्हा मी काय करू?"

बरोबर आहे. म्हणून साधुगिरी नको. जीव वाचवायचा हक्क प्रत्येकाला आहे. जुन्या दंडसंहितेत तो ९६ ते १०६ कलमांत होता, आताच्या न्यायसंहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. आणि हत्यार आपल्याला परकं नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या पलटणीतले महार शिपाई लढले, त्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. इंग्रजांचं राज्य पक्कं झालं तशी १८९० च्या दशकात त्यांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः निवृत्त शिपाई, १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. आपल्या हातातलं हत्यार त्यांना हवं तेव्हा दिलं, नको तेव्हा काढून घेतलं. म्हणून आपल्या बापजाद्यांचं भांडण हत्यार मिळावं एवढंच नव्हतं. वर्दी घालून, छाती पुढं काढून, चारचौघांसमोर खांद्यावर बंदूक घेऊन चालता यावं असं होतं. ते हत्यार दिसण्यासाठी होतं.

लपवायचं हत्यार वेगळं. त्याचा महाराष्ट्रातला इतिहास बघा. १९४८ च्या जानेवारीअखेर ग्वाल्हेरात एक इटालियन बेरेटा पिस्तूल मिळवलं गेलं. १९३४ चं मॉडेल, कपड्यात सहज मावणारं. ते घेऊन पुण्याचा एक संपादक दिल्लीला प्रार्थनेच्या मैदानात गेला. आधी नमस्कार केला, मग तीन गोळ्या घातल्या. गांधींशी आपलं भांडण होतं आणि आहे. पुणे करार आपण विसरलेलो नाही. पण बाबासाहेब गांधींशी भांडले ते टेबलासमोर बसून, कागदावर सही करून. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते. पोलिसांचं संरक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात पानसरे, तेही सकाळी, बायकोबरोबर. मारणारे खिशात हत्यार लपवून आले आणि मोटारसायकलवरनं गेले. लपवलेल्या पिस्तुलाची सोय कुणाला? ज्याला जवळ यायचंय, हात जोडायचेत आणि चेहरा दाखवायचा नाही त्याला.

मग तू म्हणशील, मारायला वापरतात ते वचावायला का नको? वापर. पण कुणापासून वाचवणार ते बघ. १० जानेवारी १९७४ ला मुंबईत पँथरच्या मोर्च्यात भागवत जाधव मेला तो इमारतीवरनं आलेल्या वाटणाच्या दगडानं. घराघरातला दगड. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियांका, रोशन, सुधीर यांना मारलं ते काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या चेनींनी. तिथं बंदूक नव्हती. अख्खा जमाव होता. आणि खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागलाच नाही. जात हे कारण कोर्टाला दिसलं नाही.

सुरेखाबाईंच्या हातात त्या संध्याकाळी सहा गोळ्या असत्या तर? हा प्रश्न मी रात्रपाळीत साच्यापुढं उभा राहून कितीदा विचारलाय. एखादं लेकरू निसटलं असतं कदाचित. नसतंही. तिच्या हातात हत्यार असतं तर मी तिला पाप लावलं नसतं, कुणी लावलं तर त्याच्या तोंडावर थुंकलो असतो. पण सहा गोळ्यांनी सहा माणसं थांबतात, गाव थांबत नाही. गाव थांबवायचं काम ज्यांचं होतं ते ठाणं, तो तालुका, ते सरकार खिशातल्या घोड्यामुळं मोकळं सुटतं. उद्या तेच म्हणतील, तुला लायसन दिलं होतं ना, मग मेलास कसा?

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याच्या जिवावर शहाणपण शिकवणं सोपं असतं.

मुंबईच्या गिरण्यांत एक काळ आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, तो बाटेल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला. मी ज्या गिरणीत आहे तिथं असलं काही उरलेलं नाही असं मला वाटायचं. एका रात्री माझ्या वरच्या माणसानं चार पोरांसमोर माझ्या आईवरनं, जातीवरनं शब्द काढला. तो शब्द लिहीत नाही. माझे हात थरथरत होते. पंधरा मिनिटं मला सूत दिसलं नाही. फक्त त्याची मान दिसत होती.

त्या पंधरा मिनिटांत माझ्या खिशात घोडा असता तर आज हा लेख नसता. मी जेलात असतो, तो मातीत. आणि त्याची दोन लेकरं माझ्या जातीचं नाव घेऊन दात खात मोठी झाली असती. घोडा नव्हता म्हणून मी सकाळी तक्रार लिहिली, सात जणांच्या सह्या घेतल्या. त्यात दोन सह्या त्याच्याच जातीच्या पोरांच्या होत्या. त्यानं माफी मागितली ती मनापासून नव्हती. पण चारचौघांत मागितली.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेचा उलगडा केलाय तो इथं कामाला येतो. अहिंसा हे बुद्धाचं तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या. सुरेखाबाईंच्या दारात जमाव आला तेव्हा गरज होती. माझ्या त्या पंधरा मिनिटांत नुसती इच्छा होती. मी गरज समजत होतो ती! आणि अडचण हीच आहे, मित्रा. गरज वर्षात एकदा येते, कधीकधी जन्मात येत नाही. इच्छा रोज येते. बांधावर येते, दारूच्या गुत्त्यात येते, बायकोशी भांडताना येते, एकटं वाटतं त्या रात्री स्वतःवरसुद्धा येते. खिशातल्या घोड्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

आणखी एक. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं ते पूर्ण झाकून, मिरवायचं नाही. लायसनाची अटच आहे की जत्रेत, मिरवणुकीत, सभेत खास परवानगीशिवाय ते न्यायचं नाही. म्हंजे १४ एप्रिलला घोडा घरी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला घोडा घरी. मोर्च्यात घोडा घरी. जिथं आपण सगळे एकत्र असतो तिथं तो येत नाही. तू एकटा असशील तिथंच तो सोबत येणार. एकटेपणाचंच हत्यार आहे ते.

१९७२ साली ज्यांच्यावरनं दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर १९६६ पासून बंदुका घेऊन फिरले, पण उघड. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उघड बंदूक नेण्याला बंदी नव्हती. मग १९६७ साली कायदाच बदलला. काळ्या माणसाच्या हातात बंदूक दिसल्याबरोबर गोऱ्यांना बंदुकीचा धोका कळला. आणि त्याआधी, १९५६ च्या सुरुवातीला, माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा त्या शांतिदूतानं लपवून पिस्तूल बाळगायचं लायसन मागितलं होतं. दिलं नाही. भ्याला म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. घरात बायको होती, तान्ही पोर होती. पुढं त्यानं घरातली हत्यारं काढून टाकली आणि आपली माणसं वाढवली.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला. दिवस कुठला निवडला? दसरा. दसऱ्याला देशभर लोक तलवारी, बंदुका, गिरणीत साचेसुद्धा, हळदकुंकू लावून पुजतात. आपण त्याला अशोक विजयादशमी म्हणतो, तलवार खाली ठेवणाऱ्या राजाच्या नावानं. पण ती तलवार उघड, हातातली, जिंकलेली होती हे विसरू नका. ज्याच्या हातात कधी तलवार येऊच दिली नाही त्याला 'खाली ठेव' म्हणणं हा नुसता उपदेश झाला. म्हणून मी माझ्या दोस्ताला 'मागू नको' म्हणालो नाही. मी म्हणालो, उघड माग. कागदावर माग.

मागायला जागा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम १९९५ साली निघाले. त्यातला तिसरा नियम काढून वाचा. अत्याचाराचा धोका असलेला भाग सरकारनं हुडकायचा. तिथं गरज वाटली तर आपल्याखेरीजच्या लोकांची शस्त्र लायसनं रद्द करायची, हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटली तर अनुसूचित जातीजमातीच्या लोकांना शस्त्र लायसनं द्यायची. हे सरकारनंच लिहिलंय, आपल्या कुठल्या कवीनं नव्हे. २०१५ च्या दुरुस्तीनं फिर्यादी आणि साक्षीदाराला संरक्षण द्यायची जबाबदारीही सरकारवर टाकली.

आपण चौथी ओळ वाचतो आणि आपल्याला घोडा दिसतो. दुसरी ओळ कुणी वाचत नाही. त्यांची हत्यारं काढून घ्या ही मागणी आपल्याला हत्यार द्या यापेक्षा मोठी आहे. कारण तिच्यात गाव बदलतं.

त्या रात्री पोटमाळ्यावर अंक बाजूला ठेवला आणि अर्ज लिहिला. पहिली मागणी, गाव धोक्याचं म्हणून जाहीर करा. दुसरी, त्या लोकांची लायसनं तपासा, हत्यारं जमा करा. तिसरी, साक्षीदारांना संरक्षण. चौथी, लायसन. मी म्हणालो, चौथी खोडूया. तो म्हणाला, "राहू दे. मिळो न मिळो. मागणारा म्हणून माझं नाव त्यांच्या रजिस्टरात राहू दे." मी पेन खाली ठेवलं. त्याचं बरोबर होतं.

१९२७ साली महाडला तळ्यावरनं परतलेल्या माणसांना काठ्यांनी झोडपलं, तेव्हा आपल्यातही लढलेले शिपाई होते. उलटून मारू शकले असते. बाबासाहेबांनी आवरलं, आणि मारणाऱ्यांना कोर्टात खेचलं. ओंजळीत पाणी घ्यायला दोन्ही हात रिकामे लागतात, उघडे लागतात. पण लक्षात ठेवा, तळ्यावर कुणी एकटा गेला नव्हता.

म्हणून लेखाचा शेवट लेखात होत नाही. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. मोटारसायकल अजून येते. गेल्या तीन आठवड्यांपासून त्याच्या ओट्यावर रात्री तीन-चार माणसं बसतात, दिवा लावून, जोरजोरात गप्पा मारत. मी सुट्टी टाकून दोन रात्री बसून आलो. मोटारसायकल दाराशी आली, मंद झाली नाही, गेली.

पुढच्या आठवड्यात कोण जातंय? पोटमाळ्यावर येऊन नाव सांगा. वर चढताना डोकं सांभाळा.